जखम बंद होणं वेगळं, कातडी परत येणं वेगळं: इंटेग्राची केस

मी शाळेत असताना आमच्या शेजारच्या काकू स्टोव्हच्या भडक्यात भाजल्या. मान, छातीचा वरचा भाग आणि उजवा दंड. वाचल्या, दोन महिन्यांनी घरी आल्या आणि सगळे म्हणाले जखम भरली, सुटलो. खरंच भरली होती, कुठे उघडी जागा नव्हती, पू नव्हता. पण पुढच्या सहा-आठ महिन्यांत ती भरलेली जागाच आवळत गेली, हनुवटी छातीकडे ओढली गेली, खालचा ओठ खाली आला आणि मग काकूंना कुणाच्या तोंडाकडे बघायचं तर अख्खं अंग मागे झुकवावं लागायचं. मला तेव्हा कळायचंच नाही की बरी झालेली जखम माणसाला असं कसं वाकवते.

पुढे मी पॉलिमर शिकले, आता बायोमटेरियलच्या एका लॅबमध्ये काम करते, आणि नवीन पोरं जॉइन झाली की त्यांना पहिली केस मी ही सांगते. बॉस्टनच्या एका सर्जनने आणि एका इंजिनिअरने मिळून जे कातडीचं मटेरियल बनवलं, जे आज इंटेग्रा या नावाने जगभरच्या बर्न्स वॉर्डात वापरतात, त्याची. आज सविस्तर लिहितेय कारण यातली मधली एक गोष्ट बहुतेक ठिकाणी दोन ओळीत उरकतात आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

आधी सर्जनची बाजू. जॉन बर्क हे मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले, आणि भाजलेल्या मुलांसाठीच्या बॉस्टनच्या श्राइनर्स बर्न्स इन्स्टिट्यूटमध्येही काम करायचे. हा माणूस आधीपासूनच इन्फेक्शनच्या मागे लागलेला होता, १९६१ मध्ये त्यांनी गिनीपिगवर दाखवून दिलेलं की अँटिबायोटिक जंतू शिरायच्या आधी दिलं तर काम करतं आणि काही तास उशीर झाला की जवळजवळ फुकट जातं, ऑपरेशनच्या आधीच इंजेक्शन द्यायची जी पद्धत आज सगळीकडे आहे तिच्या मुळाशी हे काम आहे. भाजलेल्या पेशंटमध्ये त्यांचं म्हणणं असं की जळून मेलेली कातडी अंगावर ठेवून ती आपोआप सुटायची वाट बघायची नाही, पहिल्या काही दिवसांतच कापून काढायची, कारण ती जंतूंची खाणावळ असते. पण कापून काढली की खाली उघडं मांस. पाणी बाहेर चाललंय, जंतू आत चाललेत. वीस टक्के भाजलं असेल तर मांडीची कातडी काढून लावता येते, सत्तर टक्के भाजलं असेल तर लावायला चांगली कातडी उरलेलीच नसते.

मग दुसऱ्याची कातडी. ती शरीर दोन-तीन आठवड्यांत झिडकारतं. बर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांमध्ये प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून दुसऱ्याची कातडी जास्त दिवस टिकवून बघितली, १९७४ मध्ये ते छापूनही आलं. विचार करा, जो पेशंट इन्फेक्शननेच जायची शक्यता जास्त त्याचीच प्रतिकारशक्ती दाबायची. किती टोकाला गेल्यावर माणूस हे करत असेल. अशा अवस्थेत त्यांना हवं होतं एक असं पांघरूण जे कपाटात तयार असेल, कुणाच्या शरीराचं नसेल आणि जखमेवर टाकलं की लगेच पाणी आणि जंतू दोन्ही थांबवेल.

इंजिनिअर म्हणजे इओआनिस यानास. अथेन्सचे, शिक्षण हार्वर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन असं सगळं केमिस्ट्री आणि केमिकल इंजिनिअरिंगमधलं, आणि १९६६ पासून एमआयटीच्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग डिपार्टमेंटमध्ये. त्यांचा अभ्यास कोलॅजनचा, म्हणजे चामडं, हाडं, कंडरा यांना धरून ठेवणारं जे प्रोटीन त्याचा. डॉक्टरीशी संबंध नाही. साधारण १९७० च्या आसपास दोघं एकत्र आले, आणि यानास बर्न्स वॉर्डात जाऊन ती मुलं बघून आले. आमच्या क्षेत्रात मी हे फार मानते, की मटेरियलवाल्याने एकदा तरी ड्रेसिंग बदलताना तिथे उभं राहावं. मी राहिलेय. तो आवाज डोक्यातून जात नाही.

दोघांनी सुरुवातीला जे काम हातात घेतलं ते साधं होतं: जखम लवकर बंद करणारं मटेरियल शोधा. गिनीपिगच्या पाठीवर पूर्ण जाडीची जखम करायची, म्हणजे कातडीचे दोन्ही थर काढायचे, त्यावर वेगवेगळ्या मटेरियलचे तुकडे लावायचे आणि रोज कडा मोजायच्या. ज्याच्या खाली जखम सगळ्यात लवकर मिटेल तो जिंकला. गिनीपिगची कातडी सैल असते, नुसती सोडली तरी तिची जखम मुख्यतः कडा आत ओढून ओढून बंद होते, बटव्याची दोरी खेचावी तशी.

आणि झालं असं की बहुतेक मटेरियलनी काही मोठा फरक पाडला नाही, पण एका प्रकाराने जखम उलट उशिरा बंद झाली. हा प्रकार म्हणजे कोलॅजन आणि त्याच्याबरोबर ग्लायकोसअमिनोग्लायकॅन जातीची एक लांब साखळीची साखर. टार्गेट होतं लवकर बंद करायचं आणि हा गडी कडांना आत येऊच देत नव्हता. हिशोबाने हा तुकडा नापास.

इथे थांबा जरा, कारण मला सांगायचंय ते इथेच आहे. तुमच्याकडे एक टेबल आहे, त्यात एक रकाना आहे "बंद व्हायला लागलेले दिवस", आणि एक सॅम्पल त्या रकान्यात सगळ्यात वाईट आलंय. शंभरातल्या नव्व्याण्णव लॅबमध्ये ते सॅम्पल तिथेच मरतं, पुढच्या मीटिंगमध्ये त्याची स्लाइडसुद्धा नसते. यानास निराश झाले होते, पण त्यांनी त्या जखमेतला तुकडा कापून मायक्रोस्कोपखाली नेला. आणि तिथे व्रण नव्हता. व्रणात कोलॅजनचे धागे सगळे एका दिशेला विंचरल्यासारखे पडलेले असतात, ताठ, दाबून बसवलेले. इथे धागे सगळ्या दिशांना गुंतलेले होते, चांगल्या कातडीच्या आतल्या थरात असतात तसे. म्हणजे कडा ओढून आणायला वेळ लागला तेवढ्या वेळात मधल्या जागेत नवीन डर्मिस उगवलं होतं. आपल्या कातडीत वरचा पातळ थर एपिडर्मिस, तो स्वतःहून परत येतो, साधं खरचटलं की आपण रोज बघतो. पण खालचं जाड डर्मिस एकदा पूर्ण गेलं की मोठ्या माणसात परत येत नाही, व्रणच येतो, हे तेव्हा सगळे धरून चालत होते.

म्हणजे ते जे मोजत होते तेच चुकीचं होतं. जखम भराभर मिटणं म्हणजे आवळणं, आवळणं म्हणजे व्रण. मला काकूंची मान इथे समजली, खूप वर्षांनी, लायब्ररीत बसून.

आता हे होतं कसं. जखमेत फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येतात, त्यातल्या काही मायोफायब्रोब्लास्ट होतात, म्हणजे त्यांना जवळजवळ स्नायूसारखी ओढायची ताकद येते, आणि त्या एकमेकींना धरून एका रांगेत कडा खेचतात. यानास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुढची कित्येक वर्षं हे उलगडण्यात घालवली. चांगल्या स्कॅफोल्डमध्ये, म्हणजे पेशींना आधार देणाऱ्या अशा स्पंजसारख्या मटेरियलमध्ये, या पेशींना आतल्या भिंतींवर धरायला जागा मिळते, त्या भिंतींना चिकटतात, आणि भिंती सगळ्या दिशांना असल्यामुळे पेशींची तोंडंही सगळ्या दिशांना होतात. मग एकत्र खेच बसत नाही. शिवाय अशा ओढणाऱ्या पेशी बनतातही कमी. रस्सीखेचीत वीस माणसं वीस दिशांना तोंड करून उभी केली तर दोर हलणार नाही, तसं.

पण हे कुठल्याही कोलॅजनच्या स्पंजने होत नाही, आणि मटेरियलवाल्यांनी लक्ष देऊन वाचावं असं प्रकरण हे आहे. भोकांचा साइझ साधारण २० ते १२५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत हवा. त्यापेक्षा बारीक असेल तर पेशी आत शिरत नाहीत, मोठा असेल तर आतल्या भिंतींचं क्षेत्रफळच कमी पडतं आणि चिकटायला पुरेशी जागा मिळत नाही. दुसरं, हे मटेरियल विरघळायला किती दिवस लागतात ते. आठवड्याच्या आत विरघळलं तर पेशींना आधार उरत नाही आणि आवळणं सुरू, महिनोन्महिने टिकलं तर नवीन टिश्यूच्या मध्ये अडथळा होऊन बसतं. दोन-तीन आठवड्यांच्या आसपास, म्हणजे नवीन डर्मिस तयार व्हायचा जो वेळ जवळपास त्याच वेगाने जुनं जायला हवं. बांधकामाची परांची स्लॅब पक्का व्हायच्या आधी काढली तरी वाट लागते आणि भिंतीतच चिणून ठेवली तरी. आणि तिसरं केमिस्ट्री. कोलॅजन गाईचं, आणि ती साखर म्हणजे शार्कच्या कूर्चेतून काढलेलं काँड्रॉइटिन-६-सल्फेट, जिच्यामुळे कोलॅजन एन्झाइमपुढे जास्त टिकाव धरतं आणि स्पंजही मोकळा, उघड्या भोकांचा बनतो.

बनवायची पद्धत ऐकायला घरगुती वाटते. पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरमध्येच, दोन्ही घोटून लापशी करायची, ट्रेमध्ये ओतून गोठवायची, मग व्हॅक्युममध्ये बर्फ थेट वाफ करून उडवून टाकायचा. बर्फाचे कण जिथे होते तिथे भोकं राहतात. म्हणजे भोकाचा साइझ गोठवण्याच्या वेगावर ठरतो. त्यानंतर व्हॅक्युममध्येच शंभर डिग्रीच्या थोडं वर तापवून साखळ्या एकमेकींना बांधायच्या, आणि पुढे ग्लुटारल्डिहाइड या रसायनाने अजून पक्क्या. मी स्वतः हे कोलॅजनचे स्पंज दोन वर्षं बनवलेत आणि सांगते, ऐकायला सोपं आहे तेवढं नाहीये, आमच्या फ्रीझ ड्रायरचा एक शेल्फ दुसऱ्यापेक्षा हळू थंड व्हायचा आणि एकाच दिवशी एकाच लापशीतून दोन वेगळी मटेरियल निघायची, एकात भोकं बरोबर आणि दुसऱ्यावर दुधावर साय धरावी तसा बंद थर, पेशी आत जायलाच दार नाही. चार महिने मला वाटत होतं माझं कोलॅजन खराब आहे. शेवटी शेल्फच्या चारी कोपऱ्यांना थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारा, चिकटवले तेव्हा कळलं. त्यामुळे ज्यांनी सत्तरच्या दशकात हे हाताने बसवलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

या स्पंजवर सिलिकॉनचा एक पातळ पापुद्रा. हे तात्पुरतं एपिडर्मिस. यातून पाणी साधारण चांगल्या कातडीतून जातं तेवढंच जातं, अगदी बंद केलं तर खाली पाणी साठून फुगा येतो, जास्त जाऊ दिलं तर पेशंट सुकतो. आणि तुकडा इतका लवचिक हवा की जखमेच्या खाचाखळग्यांत बसेल, मध्ये हवा राहिली की तिथे जंतूंनी घर केलंच म्हणून समजा. तर सर्जनने मेलेली कातडी कापायची, हे वर बसवायचं, दोन-तीन आठवडे थांबायचं, तेवढ्यात खालून रक्तवाहिन्या आणि पेशी आत येऊन डर्मिस बनवतात, मग सिलिकॉन सोलून काढायचं आणि त्यावर पेशंटचीच अगदी पातळ, मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी कातडी लावायची. इतकी पातळ काढली की जिथून काढली ती जागा लवकर भरते आणि तिथूनच परत काढता येते. ज्याच्या अंगावर चांगली कातडी मूठभरच उरलीय त्याच्यासाठी याच्याएवढं मोठं काही नाही.

पहिली पेशंट १९७९ मध्ये, अर्ध्यापेक्षा जास्त अंग भाजलेली एक बाई. साधारण तीन आठवड्यांनी खाली नवीन कातडी धरलेली दिसली. १९८१ मध्ये दहा पेशंटचा रिपोर्ट आला, ५० ते ९५ टक्के भाजलेले, काहींमध्ये अंगाच्या ६० टक्क्यांपर्यंत हे मटेरियल लावलेलं, आणि एका ठिकाणी तर ते ४६ दिवस जखम झाकून राहिलं. तुकडे निर्जंतुक करून साध्या तापमानाला ठेवता येतात हेही त्यात लिहिलंय, जे वाचताना कोरडं वाटतं पण रात्री दोन वाजता जळीत केस आली की कपाट उघडून काढता येतं याचा अर्थ तो आहे.

यानंतर थेट बाजारात आलं असं वाटेल. नाही. १९८८ मध्ये ११ सेंटर आणि १०६ पेशंटची ट्रायल छापून आली, तिच्यात सगळं गोड नव्हतं, नेहमीच्या ग्राफ्ट (लावलेली कातडी) किंवा इतर पांघरुणांच्या मानाने हे मटेरियल धरण्याचं, म्हणजे जखमेवर रुजण्याचं, प्रमाण कमी आलं, मध्यक (आकडे ओळीने मांडले की मधला येतो तो) ८० टक्के आणि तिकडे ९५. पण कातडी काढलेली जागा जवळपास चार दिवस आधी भरली आणि नंतर जाड फुगलेले व्रण कमी. लायसन्स आधी एका औषध कंपनीकडे गेलं, मग १९८९ मध्ये सुरू झालेल्या इंटेग्रा लाइफसायन्सेसकडे, आणि अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे तिथल्या औषध नियामकांची, मान्यता मिळाली १९९६ मध्ये. पहिल्या पेशंटपासून सतरा वर्षं. जे विद्यार्थी विचारतात की मॅडम पीएचडी संपेपर्यंत प्रॉडक्ट येईल का त्यांना मी हे आकडे फळ्यावर लिहून देते.

उणिवा पण नीट सांगायला हव्यात. सगळ्यात मोठी भीती इन्फेक्शन, स्पंजमध्ये दोन आठवडे रक्तपुरवठा नसतो त्यामुळे खाली पू झाला तर अख्खा तुकडा उचलावा लागतो. मान्यतेनंतर १३ सेंटरमधल्या २१६ पेशंटचा अभ्यास २००३ मध्ये आला त्यात वरवरचं इन्फेक्शन १३.२ टक्के आणि खोल जाणारं ३.१ टक्के, आणि मटेरियल धरल्याचं प्रमाण सरासरी ७६ टक्के, मध्यक ९५. सरासरी आणि मध्यक यात एवढी तफावत म्हणजे बहुतेकांना छान बसलं आणि थोड्यांचं पार गेलं, असं मी वाचते, आणि ते थोडे कोण हे शोधणं पेशंट हातात असलेल्या टीमला जास्त महत्त्वाचं. दोन ऑपरेशन लागतात. आणि येणारी कातडी अर्धवटच, तिला केस नाहीत, घामाच्या ग्रंथी नाहीत. यानास स्वतः कायम अंशतः पुनर्निर्मिती असाच शब्द वापरत राहिले, जाहिरातवाल्यांनीही तोच वापरावा.

आपल्याकडे अडचण पहिली पैशाची. हे मटेरियल चौरस सेंटिमीटरवर विकलं जातं आणि भाजलेला पेशंट चौरस फुटात मोजावा लागतो, आणि आपल्याकडे भाजतात ती बहुतेक स्वयंपाकघरात काम करणारी माणसं. म्हणून मला आपल्या स्किन बँकांचं काम फार मोलाचं वाटतं, सायन हॉस्पिटलमध्ये २००० साली सुरू झालेली, नंतर ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमधली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरी येऊन मांड्या आणि पाठीवरची पातळ कातडी घेतात, रक्तगट जुळायची गरज नाही, ग्लिसरॉलमध्ये थंड ठेवली तर पाच वर्षांपर्यंत टिकते. ही कातडी कायमची राहत नाही, पण जीव वाचेपर्यंत झाकते. ज्यांनी नेत्रदानाचा फॉर्म भरलाय त्यांनी हाही भरा, प्लीज.

आणि मटेरियलच्या बाजूला तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटने डुकराच्या पित्ताशयापासून बनवलेल्या स्कॅफोल्डला २०२३ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली, कोलेडर्म नावाने, सर्वात जास्त जोखमीच्या, म्हणून सर्वात कडक नियमांच्या ड वर्गात. कातडीच्या जखमांसाठीच आहे, कमी व्रण आणि बराच कमी खर्च हा दावा. तिथल्या टीमनेही बरीच वर्षं घातलीत. गाय किंवा डुक्कर म्हटल्यावर आपल्याकडे घरच्यांना आधी स्पष्ट सांगून संमती घ्यावीच लागते, आणि घ्यायलाच हवी, ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईत नाही तर बसून, समजेल अशा भाषेत.

जॉन बर्क २०११ मध्ये गेले. २०१५ मध्ये दोघांची नावं अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये लागली.

एक गोष्ट मात्र मी पोरांना शेवटी सांगते. २००२ मध्ये इंटेग्राला दुसरी मान्यता मिळाली, ताज्या भाजण्यासाठी नाही तर जुन्या आवळलेल्या व्रणांसाठी. म्हणजे व्रण आडवा कापायचा, मान पूर्ण सरळ होईपर्यंत मोकळी करायची, जो खड्डा पडतो त्यात हे मटेरियल बसवायचं, तीन आठवड्यांनी वर पातळ कातडी, आणि पुढे कित्येक महिने गळ्याला पट्टा आणि रोजचे व्यायाम. काकूंचं ऑपरेशन याच्या बऱ्याच आधी झालं, मांडीची जाड कातडी काढून लावली, मान अर्धी सुटली आणि दोन वर्षांत परत थोडी आवळली. मांडीवरचा चौकोनी डाग त्या लपवायच्या. आमच्या घरी आल्या की मी त्यांच्यासाठी पाट मांडायचे आणि स्वतः जमिनीवर बसायचे, म्हणजे त्यांना माझ्याकडे बघायला मागे झुकावं लागायचं नाही.